लाल शाईचा निवटू

वसईजवळच्या सांडोरात ज्याला कुठे वेळेवर पोचायचं असतं, तो डेल्फिनबाई समोरून येताना दिसल्या की रस्ता ओलांडतो. बाई वाईट नाहीत. बाई विचारतात. दूधवाल्याला विचारतील, सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाची साय वेगळी का धरते. मीटर वाचायला येणाऱ्याला विचारतील, हा आकडा कधी उलटा फिरतो का, आणि फिरला तर पुढे काय करतात. एकदा चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर त्यांनी फादरना गाठून विचारलं, की स्वर्गात सगळे कोणत्या भाषेत बोलत असतील आणि वसईतून गेलेल्यांना ती शिकायला साधारण किती दिवस लागतील. फादर म्हणाले, पुढच्या रविवारी सांगतो. पुढचे तीन रविवार ते मागच्या दाराने घरी गेले.

या बाईंनी बत्तीस वर्षं किल्ल्याजवळच्या एका मराठी शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवला. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची सोय नाही, कारण मग त्या "तुम्ही का केलंत?" असं विचारतात आणि उत्तर पुरं झाल्याशिवाय उठू देत नाहीत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. वाडीतल्या घरात त्या, त्यांच्या बहिणीचा मुलगा कॅल्विन आणि त्याची बायको अशी तिघं राहतात.

शाळेत बाईंचं नाव होतं ते शिकवण्यापेक्षा निवटूमुळे. खाडीच्या चिखलात निवटी नावाचा बोटभर मासा असतो. ओहोटीला पाणी उतरलं तरी तो पाण्याबरोबर जात नाही. चिखलावर येऊन बसतो आणि डोक्यावर बसवलेले दोन डोळे फिरवत इकडेतिकडे बघतो. बाईंनी या माशाला दोन पाय दिले, एक पुढे आणि एक मागे, ऐटीत फिरायला निघाल्यासारखे, आणि त्याचं नाव निवटू ठेवलं. वह्या तपासताना त्या "छान", "बरे", "सुधारणा हवी" असलं काही लिहीत नसत. लाल पेनाने पानाच्या कोपऱ्यात निवटू काढत. दोन्ही डोळे ताठ वर असले तर चित्र फक्कड जमलं. एक डोळा मिटलेला असला तर शेजाऱ्याचं बघून काढलंय, पण बाई कोणाला सांगणार नाहीत. डोकं बिळात आणि नुसती शेपटी बाहेर, म्हणजे काम अर्धवट. मुलं वही हातात पडली की गुण नंतर बघत, आधी निवटू शोधत.

"हा सुचला कसा?" असं कोणी विचारलं तर बाई सांगत, "सुचला असाच, स्टाफरूममध्ये वह्या तपासता तपासता." नक्की कधी, ते त्यांना आठवत नव्हतं. जगाच्या चौकशा करणाऱ्या बाईंनी ही एक चौकशी कधी केली नव्हती.

कॅल्विन विरारला एका जाहिरातीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम करतो. बाईंच्या निरोप समारंभासाठी त्याने जुन्या विद्यार्थ्यांकडून वह्यांमधल्या निवटूंचे फोटो मागवले. साठसत्तर आले. ते त्याने इंटरनेटवर टाकले आणि विसरून गेला. तीन वर्षांनी एक फोन आला. गोरेगावच्या एका ॲनिमेशन स्टुडिओतली आर्या नावाची मुलगी बोलत होती. लहान मुलांसाठी पाच-पाच मिनिटांच्या गोष्टींची मालिका करायची होती आणि त्यात त्यांना निवटू हवा होता.

"विकत घेणार?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई, लायसन्स घेणार. म्हणजे निवटू तुमचाच राहील, आम्हाला फक्त वापरायची परवानगी. पाच वर्षांसाठी."

"पाच वर्षांनी परत येताना तो जसा गेला तसाच येईल का?"

आर्या म्हणाली, "हे आजपर्यंत कोणी विचारलं नाहीये. मी बघून सांगते."

बाईंनी हा प्रकार वाडीच्या हिशेबाने समजून घेतला. वाडी मक्त्याने देतात तेव्हा झाडं आपली राहतात आणि त्या वर्षाची फळं मक्तेदाराची होतात. मक्तेदाराने झाड तोडायचं नसतं. हे ध्यानात आल्यावर झाड तोडणं म्हणजे काय काय, याची त्यांनी यादीच केली. निवटूचा रंग बदलायचा का? त्याच्या तोंडी शिव्या घालायच्या का? वेफर्सच्या पाकिटावर छापला तर कोणाला विचारून? मालिकेत तो मेला तर? सत्तेचाळीस प्रश्न झाले. कॅल्विनने ते टाइप करून पाठवले आणि खाली स्वतःच्या मनाने "सॉरी" असं लिहिलं. सगळे कागद मराठीतही हवेत, ही अठ्ठेचाळिसावी मागणी बाईंनी फोनवर केली. आर्याने तीही मान्य केली.

एक गोष्ट मात्र बाईंनी घरात कोणाला सांगितली नाही. त्या मनातून फार हरखल्या होत्या. बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चित्रांवर खुणा केल्या होत्या. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एकही चित्र कुठल्या भिंतीवर लागलं नव्हतं की कुठल्या पुस्तकात छापून आलं नव्हतं. निवटू तेवढा आपला, असं त्यांना वाटे. तो पडद्यावर चालू-बोलू लागला तर आपण नुसत्या तपासनीस नव्हतो, आपणही काहीतरी केलं, असं त्यांना म्हणता येणार होतं. त्यांनी नवा चष्मा करून घेतला, तो वाचायला लागतो म्हणून, असं कॅल्विनच्या बायकोला सांगितलं.

पहिला महिना झोकात गेला. स्टुडिओने निवटू पुढून, मागून, बाजूने काढून मागितला, हसताना आणि रुसताना काढून मागितला. बाईंनी कागदावर कागद भरले. मग चार महिने तिकडून चकार शब्द नाही. बाई रोज फोन बघत आणि मी काही बघत नाही असं दाखवत. पाचव्या महिन्यात आर्याचा पडलेला आवाज आला, की चॅनेलवाल्यांच्या मते निवटी कोणाला माहीत नाही, त्याचा बेडूक केला तर?

"बेडूक हवा असेल तर बेडूक घ्या की," बाई म्हणाल्या. "त्याला माझी परवानगी कशाला?"

पुढे चॅनेलवर हे ठरवणारी व्यक्ती बदलली आणि नव्या माणसाला मासाच आवडला. गाडी रुळावर येते न येते तोच स्टुडिओच्या वकिलाने शंका काढली. बाई शाळेच्या नोकरीत असताना आणि शाळेच्या वह्यांवर निवटू काढत होत्या, मग निवटू शाळेचा नव्हे कशावरून? बाई प्लासिड सरांकडे गेल्या. हे त्यांच्या वेळचे मुख्याध्यापक आणि अजूनही शाळेच्या कमिटीवर आहेत. सरांनी सगळं ऐकून घेतलं, बाईंचं जुनं नेमणूकपत्र मागवलं आणि दोनदा वाचलं. "वह्या तपासाव्यात असं लिहिलंय," ते म्हणाले. "वहीत मासे काढावेत असं कुठे लिहिलेलं नाही. उलट मी तुम्हाला एकदा त्याबद्दल समज दिली होती." शाळेचा काही हक्क नाही असं पत्र त्यांनी कमिटीकडून करून दिलं. समज दिल्याचा उल्लेख त्या पत्रात आवर्जून होता, आणि वकिलाला नेमका तोच आवडला.

मग वीस सेकंदांची चाचणी-फिल्म आली. निवटू चिखलावरून चालत येतो, थांबतो आणि बघतो. कॅल्विनच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. बाईंनी ती आठ वेळा पाहिली आणि दर वेळी त्यांना काहीतरी खुपत राहिलं. माशाचा पोशाख घालून कोणी माणूसच चाललाय असं ते दिसत होतं. आर्याचंही तेच म्हणणं होतं. रूप छान आहे, पण चाल बसत नाही, चित्रं चालवणारे तिघंजण करून थकले. चॅनेलने महिन्याची मुदत दिली होती. तेवढ्यात चाल जमली पाहिजे, आणि शेवटचा एक कागद पुरा झाला पाहिजे. त्या कागदावर बाईंनी लिहून द्यायचं होतं, की हे पात्र सर्वस्वी माझ्या एकटीच्या कल्पनेतून निर्माण झालं आहे. सोबत सगळ्यात जुनं चित्र जोडायचं होतं, तारखेसह.

आता सगळ्यात जुना निवटू शोधायचा तर जुन्या वह्या शोधायला हव्यात, आणि त्या मुलांच्या घरी. कॅल्विन म्हणाला, "मावशी, मी ग्रुपवर टाकतो ना मेसेज. तू कशाला फिरतेस?" पण फोनवर पुरते प्रश्न विचारता येत नाहीत अशी बाईंची तक्रार असते. त्या स्वतः निघाल्या.

तुळिंजला हर्षवर्धन नावाच्या जुन्या विद्यार्थ्याच्या फ्लॅटवर त्याच्या आईने माळ्यावरून वही काढून दिली. २००३ सालची. निवटू होता, एक डोळा मिटलेला. बँकेत अधिकारी झालेला हर्षवर्धन ते पान बायकोला दाखवायला तयार होईना. पण बाईंना त्याहून जुनं हवं होतं. कळंबला स्टॅनी सासुरवाडीच्या जागेत कॉटेजेस चालवतो. त्याच्या वह्या वाळवीने कधीच संपवल्या होत्या.

"बाई, क्लेमेंटीनकडं असंल बघा, पाचूबंदरला," स्टॅनी म्हणाला. "ती काय टाकत नाय. आमच्या वर्गात पयला निवटू तिलाच भेटला होता."

बाईंना बरं वाटलं. "म्हणजे तिचं चित्र चांगलं असणार."

"ते काय आठवत नाय. पन ती रडली होती."

"आनंदाने?" बाईंनी विचारलं. पण तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली आणि स्टॅनी चाव्या घेऊन धावला.

पाचूबंदरला बाई पोचल्या तेव्हा माशांचा लिलाव उरकला होता. क्लेमेंटीन घरामागे काठ्यांवर बोंबील सुकत घालत होती. चाळिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, हात भराभर चालणारी बाई. तिने मान वळवून पाहिलं आणि हातातला बोंबील तसाच धरून उभी राहिली.

"बाई, तुमी? कोनाकडं आलात?"

"तुझ्याकडे," बाई म्हणाल्या आणि आपलं काम सांगितलं. क्लेमेंटीनने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली. होडीचे कागद, बाप्तिस्म्याचे दाखले, आजीचा फोटो असं बाजूला काढत तिने तळातून चित्रकलेची वही काढली. न शोधता नेमकं पान उघडून तिने ती बाईंच्या मांडीवर ठेवली.

१२ ऑगस्ट १९९३. विषय, आमच्या परिसरातील एक प्राणी. पेन्सिलीने चिखल काढलेला आणि त्यावर एक निवटी. तिचे पुढचे दोन पर एकदम पुढे टेकलेले, हनुवटी उचललेली, अंग मागून ओढल्यासारखं, आणि मागे चिखलात शेपटीची एक लांब रेघ. खाली लाल अक्षरांत, बाईंच्याच वळणदार अक्षरांत लिहिलेलं होतं, "मासे चालत नाहीत. निरीक्षण करून काढ. २/१०." आणि शेजारी लाल पेनानेच एक मासा, माणसासारखे दोन पाय असलेला, एक पुढे आणि एक मागे, ऐटीत निघालेला. त्याच्याखाली प्रश्न होता, "असा चालतो का?"

बाईंना तो वर्ग आठवला. त्यांचं नोकरीचं चौथंच वर्ष होतं. वही त्यांनी उंच धरून सगळ्यांना दाखवली होती. वर्ग खो खो हसला होता. मग पुढच्या बाकावरचा कोणी म्हणाला होता, बाई, माझ्या वहीत पण काढा ना. त्या दिवसापासून निवटू सुरू झाला. स्टाफरूममध्ये बसून तो सुचला नव्हता. अकरा वर्षांच्या एका मुलीच्या चित्राची टिंगल म्हणून तो काढलेला होता.

डेल्फिनबाईंना लाज वाटली. इतकी वाटली, की त्यांना काही विचारायचं सुचेना, आणि हे त्यांच्या बाबतीत क्वचितच घडतं.

"तू रडलीस," वही मिटत त्या म्हणाल्या.

"थोडीशी." क्लेमेंटीन हसली. "मंग चित्र काढायचं सोडलं. म्हटलं, आपल्याला दिसतं ते बरोबर नसंल. बाई बोलल्या म्हंजे निवटी नसंल चालत. पन घरी येऊन बघितलं तं चालत होती."

"मग दुसऱ्या दिवशी मला सांगितलं का नाहीस?"

"तुमाला कसं सांगनार, बाई?" क्लेमेंटीन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

बाई उठल्या. "मला दाखव. कशी चालते ते."

ओहोटी लागलेलीच होती. घरांच्या मागून क्लेमेंटीन त्यांना खाडीच्या कडेला घेऊन गेली. आधी बाईंना नुसता चिखल दिसला. मग चिखलाचाच एक तुकडा हलला. कुबड्या घेतलेला माणूस दोन्ही कुबड्या एकदम पुढे टाकतो आणि अंग मागून ओढून आणतो, अगदी तशी ती निवटी चालत होती. उजवा-डावा असला प्रकारच नाही. दोन्ही हात एकदम पुढे, मग अंग, मग पुन्हा दोन्ही हात. मध्येच ती थांबे, एका अंगावर लोळे आणि पुन्हा निघे.

"लोळते कशाला?"

"अंग ओलं राहिलं पायजे ना. सुकली तं मेली."

"आणि पाण्याबाहेर श्वास?"

"गालात पानी धरून ठेवते. तोंड फुगलंय बघा तिचं."

बाई तासभर तिथे उभ्या होत्या. साडी घोटाभर चिखलात, चष्मा नाकावर घसरलेला, आणि प्रश्न संपत नव्हते. क्लेमेंटीन एकेकाचं उत्तर देत होती, जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणत होती. शाळेच्या वरच्या मजल्यावरून ही खाडी दिसते. चालत आलं तर पाव तास. बत्तीस वर्षांत बाई कधी इथे उतरल्या नव्हत्या, आणि दुसऱ्यांच्या वह्यांत मात्र निरीक्षण करून काढ असं लिहीत राहिल्या होत्या. त्यांनी फोन काढला आणि निवटीचं चित्रण केलं.

ते त्यांनी आर्याला पाठवलं, आणि आठवडाभराने तिचा फोन आला तो ओरडतच. चालवणाऱ्या पोरांनी निवटूचे पाय काढून दोन्ही पर एकदम टाकायला लावले आणि निवटू जिवंत झाला. चॅनेलवाल्यांनी पाहिलं, खूश आहेत. "बाई, हे तुम्हाला सापडलं कुठे?"

बाईंनी तिला सगळं सांगितलं, २/१० सकट. आर्या म्हणाली, वकिलांना विचारते. तीन दिवसांनी वकिलांचा कागद आला. क्लेमेंटीनने सही करायचं हक्कसोडपत्र. निवटूवर माझा कोणताही हक्क नाही आणि पुढेही सांगणार नाही. आर्याच्या मते ती नुसती फॉर्मॅलिटी होती, फक्त शुक्रवारच्या आत हवी.

"सही घेऊन टाक ना मावशी," कॅल्विन म्हणाला. "एवढं सगळं झाल्यावर आता कशाला घोळ घालायचा? ती थोडीच नाही म्हणणारे."

ती नाही म्हणणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. खरं सांगायचं तर बाईंनाही ती सही हवी होती. दोन दिवस त्या मनाची समजूत घालत होत्या. तिने एक मासा काढला, आपण हजारो काढले. नाव आपण ठेवलं. मिटलेला डोळा, बिळातलं डोकं, सगळं आपलं. आणि आपण निवटू काढलाच नसता तर तिचं चित्र कोणाला आठवलं असतं? यातलं काही खोटं नव्हतं. तरीही गुरुवारी सकाळी कागद पिशवीत घालताना बाईंनी घरात कोणाशी धड बोलणं केलं नाही.

पाचूबंदरला क्लेमेंटीन टोपल्यांच्या मध्ये बसून मासळी वेगळी करत होती. बाईंना बघून तिने पदराला हात पुसले. बाई कसंबसं म्हणाल्या, "एक सही हवी होती तुझी. त्या निवटूच्या कामासाठी."

"कुठं करू?" क्लेमेंटीनने पेन घेतलं आणि कागद गुडघ्यावर ठेवला.

"काय आहे, ते विचारणार नाहीस?"

"तुमी आनलंय म्हंजे बरोबरच असनार."

पेन टेकलं. पहिली दोन अक्षरं उमटली, शाळेतल्यासारखी गोल आणि नीट. बाईंनी कागदावर हात ठेवला.

"थांब. तेव्हाही तू असंच केलंस."

"कवा?"

"मी लिहिलं होतं ना, मासे चालत नाहीत. तेव्हा." बाईंनी पेन तिच्या हातातून काढून घेतलं. "आधी वाच. सगळं वाच. मोठ्याने वाच."

क्लेमेंटीनला हसू आलं, पण बाईंचा चेहरा बघून तिने कागद हातात घेतला आणि वर्गात उभी राहून धडा वाचावा तशी वाचू लागली. दुसऱ्याच ओळीला अडली.

"'त्याच्या रूपावर, नावावर आणि चालीवर.' चाल पन?"

"हो."

"चाल तं निवटीची हाय, बाई. नाव पन आमचंच हाय. ते मी कसं सोडनार?"

क्लेमेंटीन पुढे वाचत गेली. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला तिने हाताने थांबवलं. "'यापुढे कधीही, कोणत्याही स्वरूपात.' म्हंजे आमच्या पोरीनं, ॲनिशानं, चालनारी निवटी काढली, शाळेच्या फळ्यावर, तरी कोनाला विचारायचं?"

बाईंच्या सत्तेचाळीस प्रश्नांत हा नव्हता. उत्तर त्यांना माहीत नव्हतं, आणि तसं त्यांनी सांगितलं. क्लेमेंटीनने मान हलवली आणि उरलेली दोन पानं न बोलता वाचली. ओठ हलत होते, एका ठिकाणी बोट ठेवून ती दोनदा मागे गेली. मग तिने कागदाची घडी घातली आणि फोन ठेवायच्या प्लास्टिकच्या पिशवीत ती सरकवली.

"आज नाय सही करत, बाई. घरी नेते. तीन-चार ठिकानी मला पटलं नाय." इतकं बोलून ती थोडी बिचकली. "चालंल ना?"

"चालेल," बाई म्हणाल्या.

परतताना त्या किल्ल्याच्या रस्त्याने सावकाश चालल्या. त्यांना भीती वाटत होती, कारण उद्या शुक्रवार होता आणि वर्षभराचं सगळं काम पाण्यात जाऊ शकत होतं. आणि तरी त्यांना आनंद झाला होता. तीस वर्षं जी मुलगी त्यांच्या एका ओळीपुढे गप्प बसली होती, ती आज पटलं नाही म्हणाली होती. इतका आनंद त्यांना निवटू पडद्यावर पहिल्यांदा पाहतानाही झाला नव्हता.

फोन वाजला. आर्या होती.

"बाई, झाली का सही?"

"नाही. तिला काही गोष्टी पटलेल्या नाहीत. ती वाचतेय."

"पण उद्याच्या उद्या हवंय, बाई. चॅनेलवाले थांबणार नाहीत." आर्या काकुळतीला आली होती. "तुम्ही त्यांना सांगा ना. त्या तुमचं ऐकतील. शेवटी निवटू तुमचा आहे."

डेल्फिनबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

"निवटू तिचा आहे," त्या म्हणाल्या. "मी तो फक्त तपासला होता. तोही चुकीचा."